मराठीचं बिल जास्त का येतं?

गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. एआयशी मराठीत बोललं की उत्तर हळूहळू उमटतं, मोठा मजकूर पेस्ट केला की ‘फार लांब आहे’ म्हणतो, हा आमचा भास आहे का? भास नाही. मी रोज कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे यावर जरा बोलू शकतो.

एक शब्द घ्या, ‘विद्यार्थ्यांनी’. डोळ्यांना चारच अक्षरं दिसतात. वि, द्या, र्थ्यां, नी. पण कंप्युटर काना, वेलांटी, अनुस्वार, इतकंच काय पाय मोडायची खूणसुद्धा वेगळी मोजतो. युनिकोडमध्ये हा शब्द भरतो १५ चिन्हांचा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे झाले ४५. इंग्रजीतलं ‘स्टुडंट्स’ ८ बाइटमध्ये मावतं.

(एसएमएस पॅकचा जमाना आठवतोय का? इंग्रजीत एका मेसेजला १६० अक्षरं, आणि मध्ये एक जरी देवनागरी अक्षर टाकलं की मर्यादा थेट ७० वर. आपल्याला रोमनमधून मराठी लिहायची सवय लागली, त्याचं हेही एक कारण.)

एआयचं मीटर मात्र बाइटवर नाही, टोकनवर चालतं. मॉडेल मजकूर तुकड्यांत वाचतं आणि उत्तरही एकेक तुकडा करून देतं. तुकडे जास्त तर वेळ जास्त, आणि जे डेव्हलपर एपीआय विकत घेतात त्यांचं बिलही जास्त. हे तुकडे पाडायची सगळ्यात चालणारी पद्धत म्हणजे बाइट पेअर एन्कोडिंग. फिलिप गेज यांनी १९९४ साली ती फाइलचा आकार कमी करायला मांडली होती. युक्ती साधी आहे. समोरच्या मजकुरात जी जोडी वारंवार शेजारी येते, ती चिकटवून एक करायची. मग पुढची जोडी, मग त्याच्या पुढची. समोर इंग्रजीचा ढीग असेल तर इंग्रजी शब्द अख्खेच्या अख्खे एका तुकड्यात बसतात. मराठी चिमूटभर असेल, तर आपल्या शब्दांचा चुरा होतो.

आता पुरावा. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणलं, तेव्हा नव्या टोकनायझरचे आकडे स्वतःच दिले होते. त्यांच्या नमुना मजकुराला मराठीत आधी ९६ टोकन लागत, नव्यात ३३. गुजरातीत १४५ चे ३३. इंग्रजीत २७ चे फक्त २४. मधल्या काळात मराठीची एक वेलांटीही बदलली नव्हती, तरी खर्च एक तृतीयांशावर आला. म्हणजे ‘आपली भाषाच अवघड हो’ हे कारण बाद. उलट ‘घरातल्यांनाही’ एवढ्या एका शब्दात आपण जे सांगतो, त्याला इंग्रजीत चार-पाच शब्द लागतात. तुकडे नीट पाडले, तर मराठी स्वस्तही पडू शकते.

मग ढिगात मराठी कमी का? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असणारे सव्वाआठ कोटींच्या वर. लिहिणारे कमी नाहीत, पण लिहिलेलं कुठे आहे बघा. सकाळच्या सुविचारांच्या इमेजमध्ये. पाच-पाच मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये. आणि मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती डीटीपीच्या जुन्या फाइल्सची. दिवाळी अंक, पुस्तकं, लग्नपत्रिका, वर्षानुवर्षं युनिकोडबाहेरच्या फॉन्टमध्ये टाइप झाल्या. पानावर सुंदर मराठी, कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केलं की नुसती रोमन अक्षरांची खिचडी. माणसाला ती मराठी आहे, मशीनला नाही. गूगल सर्चलाही ती सापडत नाही, एआय तर लांबच.

काही जण म्हणतात, टोकन वाचवायला सरळ रोमनमध्येच लिहू की. मला पटत नाही. रोमनमध्ये काळ, काल, कळ आणि कल सगळे एका रांगेत उभे राहतात. ‘ळ’ गेला, ‘ण’ गेला, आणि मॉडेलला अंदाज बांधत बसावं लागतं. खर्च वाचेल कदाचित, पण उत्तर भलत्याच प्रश्नाचं मिळेल.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी किंवा ओळखीत प्रेस असेल, जुन्या फाइल्स पडून असतील, तर त्या युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. जोडाक्षरं कधीकधी तुटतात, रफार भलतीकडे जाऊन बसतो, त्यामुळे एकदा डोळ्यांखालून घालावंच लागतं. आधी एक अंक करून बघा. आणि हो, या भागाचा मजकूर नेहमीप्रमाणे इथे देवनागरीतच टाकलाय. ऑटो-कॅप्शनने जिथे जिथे ‘ळ’ चा ‘ल’ केला होता, तिथे हाताने परत ‘ळ’ केलाय.