वारसा आणि सेवा
(धर्मग्रामाच्या महोत्सवसभेंत केलेलें भाषण)



मुलानें बापाचें नांव लावावें, मुलीनें सासरीं जावें व शेतवाडी पुत्रांनीं राखावी, हीच सृष्टीची रीत असें पुष्कळांस वाटतें. परंतु परमेश्वराच्या विस्तीर्ण जगांत घराची मांडणी एकाच प्रकारची नाहीं.

मेघालयांतील खासी लोकांचें उदाहरण घ्या. त्यांचें कूळ आईवरून चालतें. त्यास ते ‘कुर’ म्हणतात. मुलें आईच्या कुळाचें नांव लावतात, आणि एकाच कुळांत विवाह करणें हें घोर पातक मानलें जातें. वडिलोपार्जित घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जातें. तिला ‘खद्दुह’ म्हणतात. परंपरेनें तिचा पति तिच्या घरीं राहावयास येतो, आणि मोठ्या प्रश्नांत मामाचा शब्द वजनदार ठरतो. १८९० सालीं साल्व्हातोरियन संघाचे जर्मन धर्मगुरू शिलाँगला पोहोंचले. पुढें सहस्रावधि खासी कुटुंबें कॅथलिक झालीं. परंतु आईकडून कूळ मोजण्याची चाल त्यांनीं सोडली नाहीं.

आतां विचार करा : ही धाकटी कन्या घराची मालकीण कीं राखणदार? परंपरेप्रमाणें ती राखणदारच. मामा व भावंडें यांच्या संमतीवांचून तिनें वडिलोपार्जित जमीन विकूं नये, वृद्ध आईबापांची सेवा करावी, आणि निराधार होऊन परतलेल्या भावंडास आसरा द्यावा, अशी अपेक्षा असते. तेथें वारसा हा आधीं भार आहे, मग लाभ.

ही रीत निर्दोष आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. घरांत आपणांस मान उरत नाहीं, अशी कांहीं खासी पुरुषांची तक्रार आहे; उलट गांवच्या दरबारांत परंपरेनें पुरुषच बसत आले. ती रीत आपण उचलावी, असेंहि नाहीं.

परंतु आपल्या अंगणांत पाहूं या. वाडीची मोजणी होतांना हातभर जागेसाठीं भाऊ भावाशीं बोलेनासा होतो. सर्व कांहीं वांटलें जातें. आई मात्र कोणाच्याच वांट्यास येत नाहीं. महिना या घरीं, महिना त्या घरीं, अशी तिची फरफट चालते. चौथ्या आज्ञेंत थोरला-धाकटा किंवा पुत्र-कन्या असा भेद नाहीं. कूळ बापाकडून चालो कीं आईकडून, ती आज्ञा सर्वांस सारखीच आहे.

म्हणून ज्या घरीं वांटणीचा कागद होणार असेल, तेथें पहिल्या ओळींत आईबापांच्या निर्वाहाची तजवीज लिहावी. मग झाडें आणि गुंठे मोजावे. इतकी विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.