गोठलेल्या पाण्यावरची वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजच्या व्याख्यानासाठी मी बर्फावरील स्केटिंग हा विषय सुचवला, तेव्हा आमचे चिटणीस क्षणभर गप्पच राहिले. त्यांचा दोष नाही. थंडी म्हटली की आपल्याला शेकोटी, हुरडा आणि संक्रांतीचा तिळगूळ आठवणार. परंतु नोकरीच्या निमित्ताने मला दोन हिवाळे सिमल्यास काढावे लागले, आणि हा खेळ मी तेथे प्रथम पाहिला.

लक्कड बाजाराच्या खालच्या अंगाला हे मैदान आहे. १९२० साली ब्लेसिंग्टन नावाच्या गृहस्थांना टेनिस कोर्टावरचे पाणी गोठलेले आढळले, आणि त्यातून मुद्दाम पाणी गोठवून स्केटिंग करण्याची कल्पना निघाली, असे सांगतात. पुढे कित्येक दशके तेथे यंत्राचे साहाय्य नव्हते. सायंकाळी मैदानावर पाणी शिंपावयाचे, तो थर गोठला की पुन्हा शिंपावयाचे. आकाश निरभ्र हवे. ढग आले की बर्फ बिघडलाच. तिसऱ्या पावलालाच मी त्या बर्फाला साष्टांग नमस्कार घातला, आणि सात-आठ वर्षांच्या एका पहाडी मुलीने हात देऊन मला उठवले. आमच्या कुटुंबाने काठावरूनच हे दृश्य पाहण्यात शहाणपण मानले. त्या फजितीनंतर या खेळाच्या इतिहासाचे मला कुतूहल वाटू लागले.

मुळात हा खेळ नव्हता. ती वाट होती. उत्तर युरोपात हिवाळ्यात नद्या आणि तळी गोठत. तेथील लोक हजारो वर्षांपूर्वी जनावरांची हाडे घासून, ती पायांना बांधून ये-जा करीत. हाडाला धार नसते. म्हणून हातातील काठी बर्फावर रोवून पुढे रेटावे लागे. बाराव्या शतकात विल्यम फिट्झस्टीफन याने लंडनचे वर्णन लिहिले. गोठलेल्या दलदलीवर हाडे बांधून वेगाने घसरणारी, आणि हातपाय मोडून घेणारी, तरुण मंडळी त्यात भेटतात.

पुढचे पाऊल डच लोकांनी टाकले. लाकडी तळव्याखाली लोखंडी पाते आले. पात्याच्या कडेने बर्फ रेटता येऊ लागला, तेव्हा काठी सुटली आणि हात मोकळे झाले. स्खीडाम गावची लिडविना ही मुलगी चौदाव्या शतकाच्या अखेरीस बर्फावर पडून जायबंदी झाली. पुढे तिला संतपद लाभले. तिच्या त्या पडण्याचे १४९८ मधील काष्ठचित्र हे स्केटिंगच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक होय. सतराव्या शतकात हेंड्रिक अॅव्हरकाम्प या मूक चित्रकाराने गोठलेले कालवे रंगवले. त्यांवर उमराव आणि कोळी, स्त्रिया आणि पोरे एकत्र दिसतात. एरव्ही ज्यांची वाट एक नसे, त्यांना त्या काळच्या कडक हिवाळ्यांनी एका बर्फावर आणले. १६६२ च्या डिसेंबरात लंडनच्या सेंट जेम्स उद्यानात लोखंडी स्केट्सवर फिरणारी माणसे सॅम्युअल पीप्सने प्रथमच पाहिली, आणि हे कसब आवडल्याची नोंद दैनंदिनीत केली. १८७६ साली लंडनच्याच चेल्सी भागात जॉन गॅमजी याने यंत्राने गोठवलेले मैदान उघडले, आणि हा खेळ ऋतूच्या बंधनातून सुटू लागला.

तरीही निसर्गाच्या बर्फाची ओढ सुटली नाही. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतात अकरा गावांना जोडणाऱ्या कालव्यांवरून सुमारे दोनशे किलोमीटरची शर्यत होते. पहिली १९०९ साली झाली. १९६३ च्या भयंकर हिमवाऱ्यात हजारो निघाले, पोहोचले ते फारच थोडे. १९८६ साली तेथील युवराज टोपणनावाने त्या गर्दीत सामील झाला होता. मात्र शर्यतीसाठी वाटेवरचा बर्फ पंधरा सेंटिमीटर जाड लागतो. तसा हिवाळा दुर्मीळ झाला. ४ जानेवारी १९९७ नंतर ही शर्यत होऊ शकलेली नाही. पण शर्यतीची संस्था बंद पडलेली नाही. थंडी पडली की तिचे लोक कालव्यांवरच्या बर्फाची जाडी पाहतात. शिवाय १९८९ पासून हजारो डच माणसे ऑस्ट्रियातील वाइसनझे तलावावर जाऊन तेवढेच अंतर कापतात. आपला बर्फ आपल्या गावी येईना, म्हणून त्यांनी परमुलखातल्या बर्फावर आपली वाट आखली.

सभ्य स्त्रीपुरुषहो, मी हा विषय का निवडला हे आता ध्यानी आले असेल. आपल्या गावी मराठी आपसूक गोठलेल्या नदीसारखी असते. तिच्यावरून चालताना कोणी बर्फाची जाडी मोजत नाही. येथे ती आपोआप गोठत नाही. माझा मुलगा आजीशी फोनवर चार वाक्ये बोलून हिंदीत वळतो, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखे करतो. फाइलींमध्ये बुडालेल्या बापाने रोजचा तो एक थर शिंपला नाही, याची कबुली मी आज आपल्यासमोर देतो. मुलगा काठावर उभा राहिला, यात त्याचा काय दोष?

एकदम घागरभर पाणी ओतून मैदान तयार होत नाही. पातळ थर, रोज सायंकाळी, हीच रीत. या मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव, वाचनालय आणि बालवर्ग यांतून तेच केले. त्यावरून उद्याची मुले धावतील, काही पडतीलही. पडलेल्याला हसू नका. सिमल्याच्या त्या मुलीसारखा हात द्या, एवढीच माझी विनंती.