दोन वर्तुळं आणि बाहेरची जागा

भोसरी, चिखली, चाकण, महाळुंगे इथल्या शेडमध्ये काम करणाऱ्या बायकांच्या बैठकीत आम्हाला हमखास एक प्रश्न येतो, "ताई, ईएसआय आणि पीएफ एकच ना?" नुसतं तोंडी सांगून हा घोळ सुटत नाही. म्हणून आम्ही चित्र काढतो. तुम्हीही कागद-पेन घ्या.

आधी एक मोठा चौकोन काढा. त्यात आपण सगळ्या कामकरी बायका. आता ताटली पालथी ठेवून एक वर्तुळ काढा. मग ती जरा सरकवून दुसरं काढा, पहिल्यावर थोडं चढलेलं. नववीतली मुलं हिला वेन आकृती म्हणतात. जॉन वेन या इंग्रज माणसाने ती १८८० मध्ये मांडली.

डावं वर्तुळ ईएसआयचं: १० किंवा जास्त कामगार आणि महिन्याची मजुरी २१,००० रुपयांपर्यंत. उजवं पीएफचं: २० किंवा जास्त कामगार. मधल्या भागातल्या बाईला दोन्ही. १५ कामगारांच्या शेडमधली बाई बहुधा फक्त डावीकडे. पगार २१,०००च्या पुढे गेला, पण पीएफ कापला जातो, ती फक्त उजवीकडे. कंत्राटदाराकडून लागलात तरी दोन्ही लागू होतात. "तू कंत्राटी आहेस" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

चित्र स्वच्छ दिसावं म्हणून काही गोष्टी पाळा. वर्तुळाचं नाव बाहेर, वरच्या बाजूला लिहा. आत फक्त उदाहरण. गडद रंग भरू नका, झेरॉक्सवर सगळं काळं होतं. मोठं वर्तुळ म्हणजे जास्त बायका, असं नसतं, तेही सांगा. तिसरं वर्तुळ चालेल, बाहेरची जागा धरून आठ भाग होतात. चौथं नको. चार गोष्टींचे १६ भाग लागतात आणि चार गोल वर्तुळांतून १४च निघतात. दोन प्रकारच्या बायकांना जागाच उरत नाही. त्यापेक्षा दुसरं चित्र काढा.

आणि चौकोन कधीच गाळू नका. पाच-सहा जणींच्या शेडमधली, घरकाम करणारी, घरी बसून पॅकिंग करणारी, अशा आपल्या कितीतरी जणी दोन्ही वर्तुळांच्या बाहेर आहेत. चौकोन नसला की त्या दिसतच नाहीत. ईएसआयमधल्या बाईला वर्गणीचे दिवस भरले असतील तर पहिल्या दोन बाळंतपणांत २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. बाहेरचीला ती नाही. मात्र पात्र असेल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. अंगणवाडीत चौकशी करा. घरकाम करणाऱ्यांसाठी राज्याचा २००८चा कायदा आणि कल्याण मंडळही आहे.

आता पगाराची पावती काढा. ईएसआय क्रमांक आणि पीएफचा यूएएन शोधा. जो सापडेल त्या वर्तुळात स्वतःचं टिंब द्या. पैसे कापलेत, पण क्रमांक नाही, तर उद्याच विचारा. एकटीने नाही, चौघी मिळून.