विद्यापीठ बदलणारा पोरगा पळपुटा नाही

(उरणच्या वस्तीतल्या बैठकीत केलेलं भाषण)



डिसेंबर २०२३. लोकसभेत प्रश्न आला : गेल्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम यांतून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ओबीसी यांची किती पोरं शिक्षण अर्ध्यावर सोडून गेली? सरकारनं लेखी उत्तर दिलं. १३,६२६. त्यातली नुसती आयआयटीतली ३,५४२. त्यात अनुसूचित जातींची १,०६८. आकडा दिला आणि आकड्यावर लगेच चादर टाकली. काय, तर म्हणे उच्च शिक्षणात विद्यार्थ्यांपुढं अनेक पर्याय असतात. ते एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत, एका अभ्यासक्रमातून दुसऱ्या अभ्यासक्रमात जाणं पसंत करतात.

पसंत करतात! म्हणजे आपली पोरं हॉटेलात बसलेली, पुढ्यात मेनूकार्ड. यातली किती पोरं दुसरीकडे जाऊन खरंच शिकली, पदवी घेऊन बाहेर पडली, हे एकेक करून मोजून दाखवा, मग 'पसंत' म्हणा. तोवर हा शब्द खोटा आहे. ज्याला परत येता येतं, दुसरीकडे शिरता येतं, त्यानं पसंत केलं. बाकीच्याला ढकलला.

आज मला बोलायचंय ते एवढ्यावरच. इंजिनिअरिंगला गेलेला आपला पोरगा दोन-तीन सत्रं झाल्यावर विद्यापीठ बदलायला निघतो, तेव्हा त्याचं काय होतं? मी इंजिनिअर नाही. मॅट्रिक आहे. कंत्राटदाराच्या हाताखाली बंदरात लॅशिंग करतो आणि उरलेल्या वेळात कविता लिहितो. पण माल एका जहाजावरून दुसऱ्यावर कसा जातो ते मला कळतं, आणि या प्रश्नाला तेवढं कळणं पुरतं.

कंटेनर बघा. आपण त्याला पेटी म्हणतो. पेटीवर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. तो तिचा जन्माचा नंबर. न्हावाशेव्याहून निघालेली पेटी कोलंबोला उतरते, दुसऱ्या जहाजावर चढते, युरोपात जाते. जहाज बदललं, कंपनी बदलली, देश बदलला, नंबर तोच. दाराला लावलेलं सील तेच. मधल्या बंदरात कुणी सहज दार उघडून म्हणत नाही, की यातला अर्धा माल आमच्याकडं चालत नाही, समुद्रात फेका. सील तुटलेलं दिसलं तर चौकशी लागते. आणि पेटीचे आठही कोपरे जगभर एका मापाचे. कुठल्याही जहाजावर ठेवा, ट्विस्टलॉक बसतोच. हे आपोआप झालं नाही. धंदेवाल्यांनी एकत्र बसून माप ठरवलं, कारण माल अडकला तर त्यांचा पैसा अडकतो.

आता आपला पोरगा बघा. त्याच्या डोक्यात दोन वर्षांचं गणित, मेकॅनिक्स, सर्किटं भरलेली. तो दुसऱ्या विद्यापीठाच्या दारात उभा राहिला, की पहिलं काम काय? सील तोडा. आत काय आहे ते बघा. इकडं तिसऱ्या सत्रात शिकवलेला विषय तिकडं दुसऱ्याच सत्रात होऊन गेलेला. इकडं चार क्रेडिटचा, तिकडं तीनचा. नाव वेगळं, पुस्तक तेच. मग हा विषय धरला, तो सोडला, हे चार पुन्हा दे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं २०१८ साली आदर्श अभ्यासक्रम काढला. चार वर्षांच्या पदवीला १६० क्रेडिट्स धरली. म्हणजे कोपऱ्याचं माप कागदावर ठरलेलं आहे. पण प्रत्येक विद्यापीठाची आपली पेटी निराळी, आपला लॉक निराळा. लोखंडाच्या पेटीला जो मान आहे तो माणसाच्या पोराला नाही. का? पोरगं अडकलं तर पैसा कुणाचा अडकतो? त्याच्या बापाचा. आणि त्याच्या बापाला विचारतो कोण!

कोण बदलतं विद्यापीठ? पैसेवाल्याचं पोर बदलतं, कारण त्याला मोठं नाव पाहिजे. तो डोनेशन भरतो, वर्ष गेलं तर बाप म्हणतो, राहू दे. आपलं पोर बदलतं कारण घरातला कमावता हात गेला. हॉस्टेलात नावावरून, आडनावावरून, कट-ऑफवरून रोज सोलून काढतात म्हणून. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही आणि मेसवाल्यानं ताट ओढून घेतलं म्हणून.

माझ्या वस्तीतल्या एका पोराचं सांगतो. सिव्हिलला होता, लांबच्या शहरात. दुसऱ्या वर्षाला असताना बापाला कामावर अपघात झाला. आई एकटी. पोरानं ठरवलं, घराजवळच्या कॉलेजात येतो, शिकतो आणि रात्री काम करतो. यात वाईट काय? जुन्या कॉलेजनं सांगितलं, राहिलेल्या वर्षांची फी भर, मग दाखला घे. नवं कॉलेज म्हणालं, आधी दाखला आण, मग बघू. टी.सी. पाहिजे, मायग्रेशन पाहिजे, अभ्यासक्रमाची पानन् पान शिक्का मारलेली प्रत पाहिजे, दोन्ही कॉलेजांचं ना-हरकत पाहिजे, वर जातीचा दाखला, जातवैधता, उत्पन्नाचा दाखला. हे सगळं एका तारखेच्या आत. तारीख गेली. वर्ष गेलं. पोरगा त्या वर्षात माझ्याबरोबर लॅशिंगचे रॉड ओढत होता. पुढच्या साली त्याला जागा मिळाली, पण परत दुसऱ्याच वर्षात. आज शिकतोय. पण ते वर्ष त्याला कोण देणार?

आणि खरा फास कागदांच्या खाली दडलेला आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते त्या काळापासून, १९४४ पासून चालत आलेली योजना. तिच्या नियमांत एक कलम आहे : राज्य सरकारची पूर्वपरवानगी न घेता विद्यार्थ्यानं अभ्यासाचा विषय बदलला किंवा संस्था बदलली, तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. शब्द नीट ऐका. पूर्वपरवानगी. आधी. म्हणजे कॉलेज बदलायला लागणारा कागद वेगळा आणि शिष्यवृत्ती जिवंत ठेवायला लागणारा कागद वेगळा. पहिला कागद सगळे सांगतात. दुसरा कुणी सांगत नाही. पोरगं नव्या वर्गात जाऊन बसतं आणि मग त्याला कळतं, की फी आता खिशातून. खिसा कुठाय?

आता दुसरी बाजू बघा. विद्यापीठ बदलणं एवढं अवघड असेल, तर ते सगळ्यांनाच अवघड असायला पाहिजे ना? तसं नाही.

या आपल्या जिल्ह्यात, मुंबई-गोवा रस्त्यानं पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव ओलांडलं की लोणेरे लागतं. तिथं बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ. १९८९ च्या कायद्यानं उभं राहिलेलं. त्याच साली इथं न्हावाशेव्याचं बंदरही चालू झालं. एकाच किनाऱ्यावर एकाच साली एक दार मालाला उघडलं आणि एक दार पोरांना. बरीच वर्षं ते विद्यापीठ आपल्या आवारापुरतं होतं. २०१४ च्या नव्या कायद्यानं त्याला राज्यभरची कॉलेजं जोडून घ्यायचा अधिकार मिळाला आणि २०१७-१८ पासून कुठकुठली इंजिनिअरिंग कॉलेजं आपलं जुनं विद्यापीठ सोडून लोणेऱ्याला जोडली गेली. म्हणजे बघा, आख्खं कॉलेज विद्यापीठ बदलू शकतं! इमारत तीच, मास्तर तेच, संस्थाचालक तोच. फाटकावरची पाटी नवी. संचालक मंडळानं ठराव केला, सरकारनं मान्यता दिली, झालं. कॉलेजला कुणी पळपुटं म्हटलं नाही. कॉलेजचं वर्ष गेलं नाही.

वर्ष गेलं ते पोरांचं. नव्या भरतीची पोरं नव्या विद्यापीठात, आधीची जुन्या. यात जो एखादा विषय राहून मागं पडला, तो दोन पाट्यांच्या मधे. बाक एकच, फळा एकच, पण शेजाऱ्याचा पेपर एका विद्यापीठाचा आणि याचा दुसऱ्याचा. शिकवणारा समोरच्या वर्गाचा अभ्यासक्रम शिकवणार, जुन्या पेपरचं याचं यानं बघावं. मागं पडणारे कोण असतात ते मी सांगायला नको. ज्यांच्या घरात इंग्रजी नाही, टेबल नाही, शिकवणीचे पैसे नाहीत, ते.

मी लोणेऱ्याच्या विरुद्ध बोलत नाही. ते नाव आपलं आहे. महाड तिथून जवळ. २० मार्च १९२७ ला ज्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं ते याच जिल्ह्यातलं. विद्यापीठावर नाव यावं म्हणून काय किंमत मोजावी लागते हे मराठवाड्यानं बघितलंय. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि पाटी लागली १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत झोपड्या जळल्या, माणसं मेली. म्हणूनच म्हणतो, पाटीवर थांबू नका. पाटी जिंकली, आता पाटीखालची खिडकी जिंकायची आहे. जिथं कारकून बसतो ती.

आपल्यातलेच काही शिकलेले लोक म्हणतात, चिकाटी नाही. बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, आणि हे दोन वर्षांत कॉलेज बदलतात! या लोकांना बाबासाहेबांची तसबीर माहीत आहे, बाबासाहेब माहीत नाहीत. १९१३ ला ते कोलंबियात गेले. १९१५ ला एम.ए. झाले. पीएच.डी. हातात पडायच्या आधी, १९१६ ला लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडं नाव घातलं. १९१७ ला बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून परत यावं लागलं. पुस्तकं वेगळ्या जहाजानं पाठवली होती, ते जहाज महायुद्धात टॉर्पेडोनं बुडालं. आज एखाद्या संस्थेच्या रजिस्टरात असल्या विद्यार्थ्यापुढं एकच शब्द पडला असता : ड्रॉपआउट.

पण तिथं एक गोष्ट झाली. लंडन विद्यापीठानं त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन काम पुरं करायची परवानगी दिली. एक कागद. त्या एका कागदानं दार उघडं ठेवलं. मग सिडनहॅममध्ये प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांनी हात दिला, मित्रानं उसने दिले, आणि १९२० ला ते परत गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. कोलंबियाची पीएच.डी. मिळाली १९२७ ला, म्हणजे चवदार तळ्याच्या वर्षी. मित्रहो, बुद्धी त्यांची होती, मेहनत त्यांची होती. पण दार बंद झालं असतं तर? किती बुद्धी अशा बंद दारांपुढं सडली असेल, तिचा आकडा कुठल्या लोकसभेत विचारायचा?

तेव्हा आपली मागणी भीक नाही. बाबासाहेबांना जो कागद मिळाला तो प्रत्येक पोराला हक्कानं मिळावा, एवढीच आहे. एक : शिष्यवृत्ती पोराच्या नावाची आहे, कॉलेजच्या नाही, पोरगं जाईल तिथं ती गेली पाहिजे, आणि पूर्वपरवानगीच्या अर्जाचा निकाल ठरलेल्या दिवसांत लागला पाहिजे. दोन : कुठली क्रेडिट्स धरणार आणि कुठली नाही, हे प्रवेशाच्या आधी लेखी सांगितलं पाहिजे. तीन : घरच्या अडचणीनं थांबलेल्याला त्याच वर्गात, त्याच हक्कांसकट परत घेतलं पाहिजे.

आणि काही हत्यारं आज हातात आहेत, ती वापरा. विद्यापीठ अनुदान आयोगानं ऑक्टोबर २०१८ मध्ये सांगितलंय, की संस्थेनं विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत. अडकवली तर तो कागद पुढं ठेवा. २०२१ च्या नियमांनी क्रेडिटची बँक काढली आहे. तिथं जमा झालेली क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत टिकतात. पण बँकेत पैसे असले म्हणून दुकानदार माल देतोच असं नाही. नव्या विद्यापीठानं ती धरली पाहिजेत. म्हणून क्रम चुकवू नका. नव्या कॉलेजात जागा आहे हे आधी लेखी घ्या. मग समाजकल्याणकडं अर्ज करा आणि पोच घ्या. अभ्यासक्रमावर शिक्के मारून घ्या. टी.सी. सगळ्यात शेवटी. दुसऱ्या होडीत पाय टेकल्याशिवाय पहिलीतला पाय उचलायचा नसतो, हे या किनाऱ्यावरच्या पोरांना मी काय शिकवणार!

शेवटचं चळवळीला सांगतो. पोरगं हॉस्टेलातून घरी फोन करतं, म्हणतं, इथं नाही होत. बाप म्हणतो, कर्ज काढलंय. वस्ती म्हणते, आमचं नाव घालवू नकोस. आपण म्हणतो, लढ. तिघं मिळून त्याचं परतीचं दार बंद करतो आणि मग त्याच्या फोटोला हार घालायला जमतो. हे थांबवा. लढायला आधी जिवंत माणूस लागतो. वस्तीत एक तरी जण असा तयार करा, ज्याला हे कागद, या तारखा, ही कलमं पाठ आहेत. विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि पोरगं परत आलं तर पहिला प्रश्न 'का आलास' हा विचारू नका. जेवू घाला आणि विचारा, कुठं जायचंय, कुठले कागद काढायचेत.

मी कंटेनर बांधतो. वादळात सुटू नये म्हणून बांधतो, अडकून पडावा म्हणून नाही. आपल्या पोरांना आपण असंच धरलं पाहिजे.

जयभीम.