चहा कुणासोबत?

(भिवंडीजवळच्या शेलार येथील व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



संयोजकांनी मला दिलेला विषय असा होता: इंग्रजांचा चहा आणि बदलत्या पिढ्या. तो मी थोडा इकडे ओढून घेणार आहे. शेलारमध्ये बसून लंडनच्या चहावर तासभर बोलणं मला जमणार नाही आणि तुम्हीही ते ऐकून घेणार नाही. तेव्हा इंग्रजांचं आधी उरकतो.

१६६२ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली. तिच्या हुंड्यात मुंबई बेट होतं आणि तिच्या सवयीत चहा. लंडनमध्ये चहा त्याआधीही विकत मिळत होता, पण त्याला दरबारी मान मिळाला तो तिच्यामुळे. पुढच्या दोनशे वर्षांत हा कुलूपबंद डब्यात ठेवण्याचा जिन्नस गिरणी कामगाराच्या टेबलावर आला. दुसऱ्या महायुद्धात, जुलै १९४० पासून, तिथे चहा रेशनवर मिळू लागला: माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. हे रेशन ऑक्टोबर १९५२ मध्ये उठलं. ज्या पिढीने पूड मोजून चहा प्यायला, तिची नातवंडं आज रस्त्याने कॉफीचा कप हातात घेऊन चालतात. टेटली हे तिथलं जुनं नाव २००० साली टाटांनी विकत घेतलं आणि १९०३ पासूनची टायफू कंपनी २०२४ च्या अखेरीस प्रशासकाच्या हाती गेली. आजोबांचा चहा नातवाने बाजूला सारला, एवढी ती गोष्ट.

आपली गोष्ट उलटी आहे. आपल्याकडे पणजोबांना चहाचं प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज गावोगावी ज्या व्याख्यानमाला होतात, त्यांची मूळपीठिका तीच. त्याच रानड्यांना पुढे एका चहापायी धर्मपीठाच्या चौकशीला तोंड द्यावं लागलं. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला. बोलावणी करण्यात पुढाकार होता गोपाळराव जोशी यांचा. हे डॉ. आनंदीबाईंचे पती, आणि गृहस्थ विलक्षण खोडकर. रानडे, टिळक, गोखले यांच्यासारखी मंडळी तिथे जमली आणि मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी पेला नुसता हाती धरून ठेवून दिला. गोपाळरावांना तो फरक करण्याचं कारण नव्हतं. त्यांनी हजर असलेल्या सगळ्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, त्यांनी चौकशी नेमली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये, मुख्यतः मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून, प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांनी त्यांना त्याबद्दल भरपूर बोलून घेतलं. पतीची त्या काळातली घालमेल रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

आता बारकाईने बघा. इतका गदारोळ झाला, पण चहा अंगाला बाधतो, झोप उडवतो, पित्त करतो, असा मुद्दा त्यात कुठेच नव्हता. आक्षेप होता तो कप पुढे करणाऱ्या हाताला. आपल्याकडे चहाचे जे जे वाद झाले, त्यांच्या तळाशी मला हाच प्रश्न दिसतो: कुणाच्या हातचा, कुणाच्या भांड्यात आणि कुणासोबत? पूड आणि साखर हे निमित्त.

चहा सर्वसामान्यांच्या घरात आला तो मात्र व्यापाऱ्यांच्या हिशेबाने. टायफू निघाली त्याच वर्षी, १९०३ मध्ये, व्हाइसरॉय कर्झनच्या राजवटीत चहाच्या निर्यातीवर उपकर बसवणारा कायदा झाला. त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला, आणि परदेशी गिऱ्हाईक कमी पडू लागल्यावर तो जोराने देशी गिऱ्हाइकाकडे वळला. रेल्वे स्टेशनांवर पत्र्याच्या पाट्या लागल्या, जत्रांमधून फुकट चहा वाटला गेला, पैशा-पैशाच्या पुड्या निघाल्या, गिरण्यांच्या आवारात चहाचे गाडे उभे राहिले. प्रचारकांची एक तक्रार मला फार आवडते. लोक दूध भरमसाट घालतात, आलं-वेलदोडा घालतात आणि पूड कमी वापरतात, असं त्यांचं म्हणणं! मळेवाल्यांना त्यात तोटा दिसत होता. आपल्या लोकांनी चहा घेतला, त्यांची कृती घेतली नाही. १९३० च्या सुमारास आसामात पानं चिरडून, फाडून, वळवून दाणे करण्याचं यंत्र निघालं आणि स्वातंत्र्यानंतर त्या दाणेदार पुडीने बाजार काबीज केला. ही पूड उकळत्या दुधात झटकन रंग सोडते आणि किलोमागे जास्त कप देते. आज देशात वर्षाला सुमारे १३० कोटी किलो चहा पिकतो आणि त्यातला सुमारे ८० टक्के आपणच पितो.

गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात चहा-कॉफीची शरीराला गरज नाही असं स्पष्ट म्हटलं. लोकांनी पुस्तकाला हात जोडले आणि चहाचं आधण ठेवलं.

पण या पसरणाऱ्या चहाची एक बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. गावातल्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी असायची. ती बाहेर, वळचणीला किंवा कोनाड्यात ठेवलेली. ज्याने प्यायचं त्यानेच ती विसळून परत ठेवायची, आणि पैसे मात्र इतरांइतकेच द्यायचे. संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा झाला. तरीही ती कपबशी कित्येक गावांत पुढे अनेक वर्षं टिकली. दलित आत्मकथनांतून ती पुन्हापुन्हा भेटते. पुण्यातल्या प्रतिष्ठितांना मिशनऱ्याच्या कपासाठी एकदा प्रायश्चित्त घ्यावं लागलं. इथे माणसं काही अपराध नसताना रोज वेगळ्या कपातून पीत होती. पहिलं प्रकरण आपण चवीने सांगतो. दुसरं सांगताना आवाज खाली जातो, तो जाऊ नये.

आता आपल्या भागात येऊ. भिवंडीत यंत्रमाग साधारण १९३० च्या दशकापासून आहेत. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतलं कापडाचं काम मोठ्या प्रमाणावर इकडे वळलं. मालक मोमीन-अन्सारी, कारागीर कुणी उत्तर प्रदेश-बिहारचा, कुणी तेलंगणातला पद्मशाली, आणि गाळ्याची जागा आगरी शेतकऱ्याची. मागाच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून बोटांच्या खुणेनेच चहा मागवला जातो. किटली येते, ग्लास भरतात, वहीत रेघ ओढली जाते. बारा तासांच्या पाळीत कटिंग म्हणजे माग सोडून दोन मिनिटं उभं राहायची परवानगी असते. भूक मारायलाही कटिंग चालते, आणि चहाच्या कौतुकात ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो.

१९७० आणि १९८४ च्या दंगली या शहराने पाहिल्या. १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, हिंदू-मुस्लिम अशा दोन्ही समाजांची साधी माणसं समोरासमोर बसवली. डिसेंबर ९२-जानेवारी ९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. कुणासोबत बसायचं हा प्रश्न इथे पुस्तकी नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. टपरीवरच्या एकाच बाकड्यावर माग चालवणारा, गोदामातला हमाल आणि ट्रकचा ड्रायव्हर एकाच टोपात विसळलेल्या ग्लासांतून चहा पितात. त्या टोपातल्या पाण्याबद्दल मी काही बोलत नाही.

घरातला चहाही पिढीगणिक बदलला. आपल्या ठाणे जिल्ह्यात सकाळी पेज असायची. चहा-भाकरी आणि चहात बुडवलेला टोस्ट नंतर आला. साखर रेशनवर असताना ती पाहुण्यासाठी राखून ठेवायची, घरच्यांना गुळाचा कोरा. गुळाने दूध फाटतं आणि दूध परवडायचंही नाही, म्हणून कोरा. पाहुण्यासमोर तो चहा आणायची लाज वाटायची. आज शहरात 'गुळाचा चहा' असे मोठे फलक लावून तो जास्त पैशाने विकतात, आणि आजीचा कोरा चहा नातू साखर टाळायला पितो. आजीला त्याची गंमत वाटते. मला जरा रागही येतो.

खरा बदल मात्र वेगळा आहे. घरातल्या बाईने सगळ्यांचा चहा करायचा आणि पातेल्यात उरेल तो, निवलेला, शेवटी आपण प्यायचा, ही रीत आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. टपरी तर पुरुषांचीच. आता कॉलेजच्या मुली नाक्यावर उभ्या राहून स्वतःच्या पैशाने कटिंग मागवतात. कुणी नाक मुरडतं, मुरडू दे. पंचहौदनंतरही बऱ्याच जणांनी मुरडलं होतं.

आता एक काम सांगतो. आज घरी गेल्यावर घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा: आपल्या घरात चहा कधी आला, कुणाला मिळायचा, आणि तुम्ही तो कुणाच्या नंतर प्यायचा? ती सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवा आणि व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांकडे आणून द्या. हे सांगू शकणाऱ्या बायका आता फार उरलेल्या नाहीत, तेव्हा पुढच्या वर्षावर ढकलू नका.