मशीन शेतात येण्याआधी

(महासंघाच्या जुने शहर, अकोला इथल्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या मांडणीचा मजकूर)



आज कर्जफेडीवर बोलायचं नाही. त्या कर्जातून जे काम होतं, त्यावर बोलायचं आहे. शेततळं खोदायचं, पडीकातली काटेरी बाभूळ काढायची, वावर सपाट करायचं, यासाठी आपल्या गटांतून कर्ज उचललं जातं. कर्जाच्या अर्जावर सही तुमची, हप्ता भरणार तुम्ही. पण जेसीबीवाल्याशी बोलणी कोण करतं? बहुतेक घरी माणसं करतात, तीही चहाच्या टपरीवर, तोंडी. विचारलं की ताई म्हणतात, "आम्हाले काय समजते त्या मशीनीतलं?" तायांनो, मशीनीतलं समजायची गरजच नाही. मोजमाप समजलं की पुरे. गटाचा हिशेब तुम्ही पै-पै मांडता, तेच डोकं इथे लावायचं.

पहिली गोष्ट, कामाचा दर कशावर ठरला? दोन पद्धती आहेत. एक तासावर, दुसरी खोदलेल्या मातीवर, म्हणजे ब्रासवर किंवा घनमीटरवर. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, साधारण 2.83 घनमीटर. झाडोरा काढणं, बांध नीट करणं अशा कामाचा अंदाज आधी बांधता येत नाही, तिथे तासाचा दर ठीक. शेततळ्याचं माप आधीच ठरलेलं असतं, तिथे मातीच्या मापावर दर ठरवा. मशीन हळू चाललं तर नुकसान त्याचं, तुमचं नाही.

तासावर काम असेल तर मशीनच्या मीटरचा आकडा सुरुवातीला आणि शेवटी वहीत लिहा, मोबाईलवर फोटो काढा. मीटरवर 6.5 दिसलं तर साडेसहा तास. पण 6.3 म्हणजे सहा तास तीस मिनिटं नाही, सहा तास अठरा मिनिटं! शेवटचा एक आकडा म्हणजे सहा मिनिटं. आणि इंजिन चालू असेपर्यंत मीटर फिरतच राहतो, म्हणून चहाच्या वेळी मशीन बंद करायला सांगा. मशीन आणण्या-नेण्याचा खर्च, डिझेल, ऑपरेटरचा भत्ता हे दरात धरलेलं आहे की वेगळं, हेही आधीच विचारा.

दुसरी गोष्ट, माप. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल आणि बाजूंना एकास एक उतार असलेल्या तळ्यात किती पाणी मावतं? वरचं क्षेत्र 900, तळाचं 24 बाय 24 म्हणजे 576, मधलं 27 बाय 27 म्हणजे 729. मधलं चारने गुणायचं, तिन्हींची बेरीज करायची, सहाने भागायचं, खोलीने गुणायचं. उत्तर येतं 2196 घनमीटर, म्हणजे जवळपास 22 लाख लिटर. आता ठेकेदार म्हणाला, "थोडं लहान झालं, 25 बाय 25, दोन मीटर." तसाच उतार धरून हिशेब करा. 1060 घनमीटर! ऐकायला थोडं कमी, पाणी मात्र निम्म्याहून कमी. पैसे पूर्ण गेले तर पाणी अर्धं आणि कर्ज पूर्ण. म्हणून शेवटचा हप्ता टेपने मोजल्याशिवाय देऊ नका. वरची लांबी-रुंदी, तळाची लांबी-रुंदी आणि खोली, पाच आकडे वहीत हवेत. खोली पाणी भरायच्या आत मोजा.

2016 मध्ये आलेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत मोठ्यात मोठं माप हेच 30 बाय 30 बाय 3 होतं आणि अनुदान कमाल 50 हजार. अशा योजनांत पैसा काम झाल्यावर, मोजणी झाल्यावर खात्यात येतो. ठेकेदाराने काम कमी केलं तर कापलं जातं तुमचं अनुदान. आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय मशीन बोलवू नका.

तिसरी गोष्ट आपल्या पूर्णा खोऱ्यातली. खारपाणपट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं, म्हणून पावसाचं पाणी साठवणारं शेततळं इथे मोलाचं. पण खोलवरची माती वावरात पसरली तर क्षार वर येतात, पीक बसतं. ठेकेदाराला आधीच सांगा, वरची एक-दीड फूट माती वेगळी ढीग करायची आणि खालची बांधावर लावायची. हे एक वाक्य करारात नसेल तर तो जवळ पडेल तिथे माती टाकून मोकळा होतो. काळी माती ओली झाली की ढासळते, म्हणून उतार सोडायचाच आणि ढीग काठापासून दूर ठेवायचा. वर विजेची तार असेल तर मशीन येण्याआधी वीज कंपनीला कळवा.

चौथी गोष्ट, परवानगी. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग ही झाडं वाटेत आली तर विचारल्याशिवाय तोडता येत नाहीत, 1964 चा वृक्षतोड कायदा आहे. खोदलेला मुरूम ठेकेदार विकायला नेत असेल तर रॉयल्टीचा प्रश्न तहसीलकडून येईल आणि नोटीस सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या घरी येईल. बांधाबद्दल शेजाऱ्याशी वाद असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, मग मशीन.

आता करार. दोन पानंही नकोत, एक पान पुरे. काम कोणतं, माप किती, दर कसा, सुरुवात-शेवट कधी, माती कुठे, पैसे कोणत्या टप्प्यात. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. पैसे शक्यतो खात्यातून द्या, रोख दिले तर पावती घ्या. "एवढा अविश्वास?" असं कोणी म्हणालं तर सांगा, "भाऊ, आमच्या गटात पन्नास रुपयांचीही नोंद होते." चांगला ठेकेदार कागदाला नाही म्हणत नाही, त्यालाही उरलेले पैसे वेळेवर मिळतात.

आणि तळ्याला कुंपण, काठाला दोर बांधून ठेवा. लेकरं, वासरं तिथे जाणारच. कुंपणाचा खर्चही कर्जाच्या अंदाजात आधीच धरा.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे काम ठरलं आहे त्यांनी मापं आणि दर लिहून आणा. आपण सगळ्या मिळून हिशेब मांडू. ज्यांची बोलणी सुरू आहेत, त्यांनी त्या बोलणीत स्वतः बसा. हप्ता आपण भरणार, तर ठरवतानाही आपण हव्याच.