वेड रक्तातून येते काय?



लग्न ठरविताना आपल्याकडे पत्रिका पाहतात, देणेघेणे बोलतात, आणि मग कोणी वडीलधारा आवाज खाली आणून विचारतो, "घराण्यात वेडबीड नाही ना कोणाला?" मुलीच्या काकांना कधीकाळी येरवड्यास ठेवले होते एवढे कळले की बोलणी तिथेच थांबतात. हा प्रश्न भित्रा असेल, पण मूर्खपणाचा नाही, हे आम्ही आधीच कबूल करतो.

छिन्नमनस्कता हा एकच आजार आज आपण घेऊ. सगळ्यांची मोट बांधली तर एकही गोष्ट धड सांगता यायची नाही. शंभर माणसांत सुमारे एकाला हा आजार होतो. आईबापांपैकी एकाला तो असेल, तर मुलांत प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जाते. यावर कोणी म्हणेल, भ्रमिष्ट आईजवळ वाढलेले पोर बिघडले तर त्यात रक्ताचा काय संबंध? शंका रास्त आहे. तिचे उत्तर हेस्टन या डॉक्टरांनी १९६६ साली दिले. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात मनोरुग्णालयातील मातांची ४७ मुले जन्मानंतर थोड्याच दिवसांत आईपासून दूर नेलेली होती. परक्या हातांत वाढलेल्या या मुलांपैकी पाचजणांना पुढे हा आजार झाला. तशीच वाढलेली, परंतु निरोगी मातांची, ५० मुले त्यांनी तपासली. त्यांत एकही रुग्ण निघाला नाही. त्या काळी काही पंडित या आजाराचे खापर आईच्या वागणुकीवर फोडीत असत. त्या बिचाऱ्या मातांवरचा आळ या शोधाने बराच हलका केला.

मग रक्तातच सगळे लिहिलेले असते काय? तसेही नाही. एकाच बीजापासून झालेली जुळी भावंडे घ्या. दोघांची जनुके सारखी. पत्रिकाही सारखीच म्हणा! तरी एकाला हा आजार झाला असता निम्म्याअधिक वेळा दुसरा त्यातून सुटतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत या आजाराशी संबंधित अशी २८७ स्थाने जनुकसंचयात सापडली. एकेकाचा परिणाम अगदी किरकोळ, आणि त्यांतील काही ना काही या मंडपातल्या प्रत्येकाजवळ असणारच, व्याख्यात्यांसुद्धा.

जर्मनीत हे ऐकून घेण्याची कोणाला सवड नव्हती. १९३३ च्या कायद्याने तेथे सुमारे चार लाख लोकांचे सक्तीने निर्बीजीकरण झाले; १९३९ पासून तर रुग्णांना ठार मारू लागले. इतके करूनही युद्धानंतर नवे रुग्ण येतच राहिले. कारण उघड आहे. बहुसंख्य रुग्णांचे आईबाप निरोगीच असतात.

आता त्या काकांकडे वळू. पुतणीला धोका शंभरात दोन ते चार. पण स्थळ हातचे जाईल म्हणून काकांचे नाव घरात कोणी काढीत नाही. पुढे त्याच घरातला एखादा मुलगा अभ्यास सोडून कोपऱ्यात बसू लागतो, एकटाच पुटपुटतो. डॉक्टर विचारतात, "घराण्यात पूर्वी कोणाला?" आणि बाप सवयीने उत्तर देतो, "छे, आमच्यात कोणी नाही."